आर्गन वेल्डिंगला हॅन्डग्लोज कुठले? जाड घातले तर फिलर सरकत नाही, पातळ घातले तर करंगळी भाजते

निपाणी_फॅब

नमस्कार मंडळी. निपाणी भागात आमचं फॅब्रिकेशनचं शेड आहे. आर्गनची (टिगची) कामं अशी: एसएस ३०४ चे (स्टेनलेस स्टीलचे) रेलिंग पाइप, जाडी १.२ ते २ मिमी, करंट ५० ते ८० अँपिअर. डेअरीच्या टाक्यांची दुरुस्ती, तीही पातळ पत्र्याची. मधूनमधून ॲल्युमिनियमची कास्टिंग भरायला येतात, ती एसीवर १३० ते १८० ला. मशीन २०० अँपिअरचं, टॉर्च २६ नंबर, हवेवर थंड होणारी, पाण्याची नाही. फिलर, म्हणजे वेल्डमध्ये हातानं द्यायची तार, १.६ आणि २.४ मिमी.

अडचण ग्लोजची. कांडी वेल्डिंगचे स्प्लिट लेदरचे (चामड्याच्या आतल्या थराचे) जाड ग्लोज पोरांना दिले तर १.६ ची तार बोटात कळतच नाही, म्हणून डाव्या हातातला काढून ठेवतात आणि उघड्या हातानं फिलर देतात. ते बंद करायला विणलेले, तळव्याला राखाडी कोटिंग असलेले ग्लोज आणले. तार छान सरकते, पण बोटांची टोकं चिकट होऊन बसली. मग पातळ चामड्याचे आणले, तर ॲल्युमिनियमला उजव्या हाताची करंगळी भाजते.

चामडं कुठलं, साइज कशी बघायची, दोन्ही हातांना एकच जोड चालतो का, आणि दुकानात उभं राहून चांगला-वाईट कसा ओळखायचा, एवढं सांगा.


उद्यमबाग_टिग

आधी ते राखाडी ग्लोज वेल्डिंगच्या टेबलावरून उचला. ते असेंब्लीच्या कामाचे. आत नायलॉन नाहीतर पॉलिस्टरचं विणकाम, वर पीयूचं (पॉलियुरेथेनचं) कोटिंग. पत्रा कापत नाही म्हणून जे महाग विणलेले मिळतात त्यात एचपीपीई धागा असतो, म्हणजे पॉलिथिलीनच, तो १४५ अंशांच्या आसपास वितळतो. चामडं करपतं, आकसतं, पण वितळून कातडीला चिकटत नाही. प्लास्टिक चिकटतं आणि मग चटक्याची जखम होते.

उघड्या हाताचं म्हणाल तर पोरांचा हिशेब असा असतो की आर्गनला ठिणगी उडत नाही, मग ग्लोज कशाला. ठिणगी नसली तरी अतिनील किरण कांडी वेल्डिंगपेक्षा कमी नसतात, कारण मध्ये धूर नसतो. एसएस आणि ॲल्युमिनियमच्या चकचकीत पत्र्यावरून ते परत हातावर येतात. तासा-दोन तासांत काही जाणवत नाही, संध्याकाळी मनगट आणि बोटांच्या पाठी लाल होतात.

चामडं: शेळीचं, दाणेदार बाजू बाहेर असलेलं. साधारण ०.६ ते ०.८ मिमी जाडीचं बघा. स्प्लिट गाय-म्हशीचं १.१ ते १.३ च्या घरात जातं आणि त्याला बाहेरून लव असते. ती लव तारेला लागून वितळत्या डबक्यात जाते, हा आणखी एक तोटा. शेळीचं चामडं पातळ असून ताण सोसतं. हरणाचं त्याहून मऊ असतं, पण आपल्याकडे सहज मिळत नाही आणि लागतही नाही. ज्याच्यापासून सांभाळायचं ते मेंढीचं. शेळीचं म्हणून खपवतात, हाताला लोण्यासारखं लागतं, आणि थोड्याच दिवसांत वरचा पापुद्रा सुटतो. ओळखायचं असं: दाणेदार बाजू आत घेऊन तळव्याचं चामडं दुमडा. शेळीच्या घडीवर बारीक घट्ट रेघा येतात, मेंढीच्या घडीवर सैल, फुगीर सुरकुत्या.

पाकिटावर ईएन १२४७७ (वेल्डिंग ग्लोजचं युरोपियन मानक) टाइप बी असं बघा. टाइप ए म्हणजे जाड, कांडी आणि मिगचे. टाइप बी म्हणजे पातळ, बोटांना मोकळीक देणारे. याची एक परीक्षा अशी की ग्लोज घालून टेबलावरची गोल सळई उचलायची. टाइप ए ला ११ मिमीची उचलता आली तरी पास, टाइप बी ला ६.५ मिमीची उचलावी लागते. आपली तार १.६ ची, म्हणजे टाइप बी ही सुद्धा सुरुवातच. खिशात १.६ च्या तारेचा वीतभर तुकडा घेऊन दुकानात जा. काउंटरच्या सपाट काचेवर ठेवा, ग्लोज घालून उचला, मग अंगठ्यानं पुढं सरकवत न्या. दोन बोटांत तार फिरवता आली पाहिजे. दुकानदार काय बघतोय याकडे लक्ष देऊ नका.

साइज पंजाच्या घेरावरून. अंगठा सोडून, बोटांच्या मुळाशी टेप गुंडाळा. २०३ मिमी म्हणजे ८ नंबर, २२९ म्हणजे ९, २५४ म्हणजे १०. दोन नंबरांच्या मधे हात असेल तर लहान घ्या, शेळीचं चामडं आठवड्याभरात बसतं. बोटाच्या टोकाला ३-४ मिमीपेक्षा जास्त चामडं रिकामं राहिलं की तार तिथंच अडकते. सगळ्या पोरांना मिळून १० नंबरचा डझन आणायची पद्धत मोडा, फिलरचा हात त्यातच बिघडतो.

शिवण: तर्जनीच्या टोकाला, जिथं तार टेकते, तिथं शिवण असेल तर घेऊ नका. काही ग्लोजांत तर्जनीचं चामडं सलग वळवून आणलेलं असतं आणि शिवण बाजूला जाते, ते उत्तम. अंगठा तळव्याला सपाट शिवलेला नको, थोडा पुढं वळलेला हवा. आणि दोरा. पिवळा दोरा दाखवून केवलार आहे म्हणतात, पण पिवळं पॉलिस्टरही मिळतं. आतल्या बाजूला दोऱ्याचं टोक लोंबत असतंच, ते कापून घ्या आणि काडी लावा. गोळी झाली तर पॉलिस्टर किंवा नायलॉन, शिवण उष्णतेनं उसवणार. कागदासारखा जळून राख झाली तर सूत, चालतंय. काळा पडून ज्योत काढल्याबरोबर विझला तर अरामिड, म्हणजे खरा केवलार.


चिकोडी_मेंटेनन्स

वरचं सगळं बरोबर आहे, पण करंगळी भाजते त्याला औषध ग्लोजात शोधू नका. जाड ग्लोज आणला की टॉर्चवरचा ताबा जातो, हात टेकवून चालवावा लागतो, आणि टेकवला की पुन्हा भाजतो.

टाइप बी कडून काय अपेक्षा करायची ते आधी समजून घ्या. स्पर्शाच्या उष्णतेची त्याची पातळी पहिली. म्हणजे १०० अंशांच्या वस्तूला टेकवल्यावर १५ सेकंद तरी आतलं तापमान १० अंशांपेक्षा जास्त वाढता कामा नये. एवढंच. एसएसचा पाइप वेल्ड झाल्यावर रंग उतरला तरी २००-२५० अंशांवर असतो आणि दिसायला थंड पाइपासारखाच दिसतो. तो ग्लोज घालून उचलायचा नसतो. सांडशी नाहीतर लॉकिंग प्लायर टेबलाला साखळीनं बांधून ठेवा, मग पोरं हात घालणार नाहीत. एकदा गरम जॉब उचलला की बोटांचं चामडं आकसून कडक होतं, घडीला बारीक चिरा जातात, आणि तो ग्लोज फिलरच्या हाताला कायमचा गेला.

आता तुमची करंगळी. उजवा हात जॉबवर टेकवून सरकवता ना? ॲल्युमिनियम उष्णता लगेच पसरवतं. ६ मिमीच्या कास्टिंगला १६० अँपिअर दिले की दोन-तीन मिनिटांत आर्कपासून वीतभर लांबची जागाही हात टेकवण्यासारखी राहत नाही. दोन उपाय. एक, काचतंतूची टोपी करंगळी आणि अनामिकेवर ग्लोजच्या वरून घालायची. टिग फिंगर नावानं मिळते. ती नाही मिळाली तर काचतंतूची उष्णतारोधक नळी बोटाच्या मापानं कापून, टोक दुमडून शिवून घ्या, कापलेली कड उघडी ठेवू नका, नाहीतर तंतू टोचतात. दोन, जॉबवर हात टेकवूच नका. जॉबच्या बाजूला त्याच उंचीचा लाकडी ठोकळा किंवा न तापलेली पट्टी क्लॅम्प करा आणि त्यावर हात ठेवा.

टॉर्चकडेही बघा. २६ नंबर हवेवरची टॉर्च डीसीला २०० ची धरतात, एसीला त्याहून कमी, आणि तेही सलग नाही. १८० एसीवर लांब वेल्ड मारलं तर मूठच तापते. मूठ तापून हात भाजत असेल तर ग्लोज कुठलाही घाला, भाजणारच. मशिनीवरची ड्युटी सायकल (दर दहा मिनिटांत किती वेळ सलग चालवायचं ते) वाचा, तेवढी विश्रांती द्या. रोजचं ॲल्युमिनियमचं काम असेल तर पाण्याची १८ किंवा २० नंबर घ्या. आणि टॉर्चचा कोन: जॉबला ७० ते ८० अंश, जवळजवळ उभी. आडवी धरली की आर्कची धग सरळ पुढं डाव्या हातावर जाते, शिवाय आर्गनबरोबर हवा ओढली जाऊन वेल्ड काळं पडतं. डावा हात भाजतोय आणि वेल्डही काळं येतंय, या दोन तक्रारी एकत्र आल्या तर कोनच तपासा.

डाव्या हाताचं अजून एक. ॲल्युमिनियमची तार एसएसच्या तारेपेक्षा कितीतरी लवकर तापते. तीन इंचाचं थोटूक संपवायच्या हट्टात बोटं भाजतात. पाच इंच राहिली की टाका, किंवा थोटकं एकमेकांना जोडून परत लांब करा. एक मीटरची तार पातळ कामाला अर्धी कापून वापरली तर मागचं टोक हेलकावत नाही आणि ग्लोजमधून सरकवायलाही सोपं जातं.

दोन्ही हातांना एकच जोड ठेवायची सक्ती नाही. डाव्या हातात शेळीचं पातळ, उजव्या हातात तळवा शेळीचा आणि पाठ स्प्लिटची असलेला, हे ॲल्युमिनियमला बरं पडतं. एसएसच्या ५०-८० अँपिअरला दोन्हीकडे पातळच ठेवा, तिथं जाड ग्लोजचं काही कामच नाही.


निपाणी_फॅब

धन्यवाद चिकोडीचे अण्णा. टॉर्च आडवी धरायची खोड आहे खरी, दुरुस्त करतो. अजून दोन शंका. पावसाळ्यात एचएफला (आर्क पेटवणाऱ्या हाय फ्रिक्वेन्सीला) बोटात चुरचुर येते, ग्लोज बदलून जाईल का? आणि अथणीला चपलांचे कारागीर आहेत, त्यांच्याकडून मापानुसार शेळीचे ग्लोज शिवून घेतले तर?


खानापूर_वेल्डिंग

एचएफचं मी सांगतो, आमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत हाच रोग.

कोरडं चामडं बऱ्यापैकी रोधक असतं. घामानं किंवा दमट हवेनं ओलं झालं की तसं राहत नाही, आणि एचएफला तर शिवणीची भोकंही पुरतात. पण चुरचुर आली की पहिला संशय ग्लोजवर घेऊ नका. आधी अर्थ क्लॅम्प बघा. रंगावर, गंजावर, टेबलाच्या पायाला लावलेला असेल तर करंट दुसरी वाट शोधतो, आणि ती वाट तुमचा हात असू शकतो. क्लॅम्प जॉबलाच, घासून चकचकीत केलेल्या जागी, वेल्डच्या जवळ. मग टॉर्च: मागची टोपी तडकलीय का, तिच्यातली ओ-रिंग आहे का, सिरॅमिक कपला चीर आहे का, मुठीला टेप गुंडाळलेला आहे का. टेप गुंडाळलेली मूठ म्हणजे खाली तडा आहे असंच समजा. हे सगळं ठीक असूनही येत असेल तर मग ग्लोज.

एचएफचा चटका घाबरवतो, पण खरी काळजी ओपन सर्किट व्होल्टेजची, म्हणजे आर्क पेटलेला नसताना टॉर्चवर असणाऱ्या व्होल्टेजची. आयईसी ६०९७४-१ या मानकात साधारण जागेसाठी डीसीला ११३ व्होल्टपर्यंत आणि एसीला ८० व्होल्टपर्यंत मुभा आहे. ओला ग्लोज, ओली चप्पल आणि ओल्या जमिनीवर गुडघा टेकून बसलेला माणूस, याला तेवढं पुरतं. टंगस्टन (टॉर्चमधला इलेक्ट्रोड) बदलताना मशीन बंद करा. पेडल नाहीतर टॉर्चचं बटण चुकून दाबलं जातंच. खाली कोरडी फळी किंवा रबरी मॅट, पायात बूट.

माणशी दोन जोड ठेवा. सकाळचा ओला झाला की दुपारी दुसरा. ओला जोड पंख्याखाली, बोटं वर करून, सावलीत वाळवा. इलेक्ट्रोड ओव्हनवर, हॅलोजनखाली किंवा गरम जॉबवर ठेवून वाळवला की चामडं कडक होतं. वाळायच्या आधी पिशवीत कोंबला की बुरशी धरते. आणि ग्लोज तापला म्हणून बादलीत हात घालणारे असतात, त्यांना थांबवा. ओल्या चामड्यातून उष्णता जास्त वेगानं आत येते आणि पुढच्या वेळी आत वाफ होऊन भाजतं. तापला तर झटकून काढा. म्हणून मनगटाला घट्ट इलॅस्टिक असलेला ग्लोज वेल्डिंगला नको, झटक्यात निघाला पाहिजे.


अथणी_लेदर

चपलेच्या चामड्याचे ग्लोज शिवून घेऊ नका. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला त्यात बेळगाव जिल्हा आहे, कारागिरीबद्दल प्रश्नच नाही. पण ते चामडं हिरड्यानं आणि बाभळीच्या सालीनं कमावलेलं, जाड आणि ताठ, पायाखाली आकार धरून राहावं असं. ग्लोजचं चामडं क्रोमनं कमावलेलं असतं. ते मऊ राहतं आणि आकसायच्या आधी जास्त उष्णता सोसतं, साल-कमावणीचं चामडं ओलं असताना लवकर आकसतं. शिवाय बोटांच्या मधल्या पट्ट्या शिवायला वेगळं मशीन आणि वेगळा साचा लागतो. कोलकात्याकडून येणारे तयार ग्लोज त्याच मशिनांवर शिवलेले असतात.

उसवलेली शिवण मात्र कारागिराकडून जरूर घालून घ्या. दोरा तुम्ही न्या, सुती किंवा अरामिड. त्यांच्याकडे नायलॉनचा असतो, तो पहिल्याच दिवशी वितळेल. जुन्याच भोकांतून शिवायला सांगा, नवी भोकं पाडली की चामडं फाटत जातं. तळव्याला किंवा बोटाच्या पोटाला भोक पडलं असेल तर ठिगळ लावत बसू नका, ठिगळाची कड तारेला अडते.

आणि चपलेला लावतात तसं गोडं तेल, एरंडेल ग्लोजला लावू नका. चामडं मऊ होईल, पण तेल पेटतं आणि तारेला लागून वेल्डमध्ये भोकं पाडतं. कडक झालेला ग्लोज ओलसर फडक्यानं पुसून, हातात घालून मुठी आवळत मऊ करा. त्यानं नाही झाला तर तो भाजलेला आहे, फेकून द्या.

एक कातडीचं. क्रोम-सहाची (चामड्यात राहू शकणाऱ्या क्रोमियमच्या घातक रूपाची) ॲलर्जी असणाऱ्याला नुसत्या घामानंही मनगटाला खाज-पुरळ येतं. ग्लोजच्या मानकात चामड्यातल्या क्रोम-सहाची मर्यादा किलोला ३ मिलिग्रॅम आहे. पाकिटावर काहीच छापलेलं नसेल आणि उग्र वास येत असेल तर त्या पोराला दुसरा ग्लोज द्या. आत पातळ सुती मोजा चालतो, फक्त उजव्या हातात. डाव्या हातात घातला की पुन्हा तार कळेनाशी होते.


उद्यमबाग_टिग

अण्णांनी उजव्या हाताला स्प्लिटची पाठ सांगितली, त्यात माझी एक दुरुस्ती. रेलिंगला पाइपच्या मागच्या बाजूनं हात घालून वेल्ड मारावं लागतं, तिथं स्प्लिटची पाठ अडते. त्या कामाला दोन्ही पातळच. कास्टिंग टेबलावर असेल तर त्यांचं बरोबर.

कफ: मानकात ९ नंबरच्या ग्लोजची किमान लांबी ३३० मिमी धरलीय. बाजारात आखूड, मनगटापाशीच संपणारे 'टिग' ग्लोज खूप आहेत. घेतलेत तर पूर्ण बाहीचा जाड सुती शर्ट हवा आणि बाही दोन-तीन इंच ग्लोजवर यायला हवी. पॉलिस्टरचा शर्ट नको. मनगटावर बांगडीसारखी लाल पट्टी उठलेला वेल्डर दिसला की समजायचं, बाही कमी पडतेय.

जोड कामानुसार वेगळे ठेवणं हे एसएसवाल्यांना तर हवंच. ज्या ग्लोजनं एमएस (साधं लोखंड) ग्राइंड केलं त्याच ग्लोजनं एसएसची तार धरली की लोखंडाची धूळ तारेवरून वेल्डवर जाते. महिन्याभरात रेलिंगला लाल ठिपके आले की गिऱ्हाईक पाइप बोगस म्हणून भांडतं, पाइप चांगलाच असतो. म्हणून ग्राइंडिंगला जुने स्प्लिटचे, एसएसला एक जोड, ॲल्युमिनियमला दुसरा. कफच्या आत मार्करनं लिहून ठेवा. टंगस्टनला धार लावतानाही वेल्डिंगचे ग्लोज काढून ठेवा. लाल टोकाचा असेल तर त्यात थोरियम असतं, ती धूळ चामड्यात साठवून रोज हाताळायची गरज नाही. सोनेरी टोकाचा लँथेनमवाला वापरला तर ती कटकटच नको.

ॲसिटोननं तार आणि जॉब पुसताना ब्यूटाइल रबराचे ग्लोज घाला, चामड्याचे नाही. ॲसिटोन चामड्यात मुरतं आणि आर्क पेटला की ग्लोजही पेटू शकतो. पुसून झाल्यावर ते काढा, त्यांच्यावरून चामड्याचा चढवू नका. ब्रेक क्लीनरनं पुसायची सवय कुणाला असेल तर बंद करा, त्यात क्लोरीन असेल तर आर्कच्या उजेडात फॉस्जीन वायू होतो.

तुमच्या शेडला मी असं घेईन: दर वेल्डरला त्याच्या मापाचे शेळीचे दोन जोड, ॲल्युमिनियम करणाऱ्याला एक जादा, काचतंतूच्या दोन टोप्या आणि प्रत्येक टेबलाला एक सांडशी. डावा ग्लोज आधी खराब होतो, तर्जनी आणि अंगठ्याच्या टोकाला. उजवे चांगले राहिलेले टाकू नका. तीन-चार जमले की जो डावखुरा असेल त्याला द्या, त्याचा फिलरचा हात उजवाच.


निपाणी_फॅब

डावखुरा एक आहे शेडमध्ये. उद्या पोरांच्या पंजांची मापं घेतो आणि तारेचा तुकडा खिशात टाकून बेळगावला जातो.